गोम, वाणी आणि माहितीचे महाजाल

पावसाळा सुरू होऊन शाळा रुळल्या की 'आपल्या परिसरातील प्राणी' यासारख्या विषयांवर प्रकल्प करावयास सांगितले जातात. अशा वह्या चाळल्या तर पुष्कळदा एक गोष्ट ध्यानात येते. दहा वह्यांत मजकूर एकच, चित्रेही तीच! चित्रातला प्राणी आपल्या गावात आहे की नाही, हेदेखील कोणी पाहिलेले नसते. सारे काही महाजालावरून उतरवलेले.

विद्यार्थी मित्रांनो, महाजाल वाईट आहे असे मला म्हणावयाचे नाही. एके काळी मोठ्या शहरातील ग्रंथालयांतच मिळणारी माहिती आज खेड्यातल्या मुलाला घरबसल्या मिळते, ही फार मोठी सोय आहे. परंतु या सोयीचा उपयोग व्हावयाचा असेल तर तेथे जाण्यापूर्वी आपल्याजवळ स्वतः केलेले एखादे निरीक्षण हवे. आणि तेथे जे मिळेल त्याला तीन प्रश्न विचारले पाहिजेत : हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कशावरून लिहिले?

आपण गोम आणि वाणी यांचेच उदाहरण घेऊ. पहिली अडचण येते ती नावांची. महाजालावर 'वाणी' हा शब्द शोधला तर संतांची वाणी मिळेल, किराणा दुकानदार मिळेल, आडनावे मिळतील. किडा मिळेलच असे नाही. अंगाचे वेटोळे करून नाण्यासारखा पडून राहतो म्हणून काही ठिकाणी वाण्याला 'पैसा' म्हणतात; तो शब्द शोधला तर काय मिळेल हे सांगावयास नको! 'मखमली किडा' म्हटले की मृगाच्या सरींबरोबर दिसणारा तांबडा किडा समोर येतो. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्यांचा नातेवाईक आहे. इंग्रजीत ज्याला 'व्हेल्व्हेट वर्म' म्हणतात तो प्राणी अगदीच निराळा. म्हणूनच शास्त्रीय नावे लागतात. वाणी डिप्लोपोडा गटात, गोम चिलोपोडा गटात आणि व्हेल्व्हेट वर्म ओनिकोफोरा गटात मोडतो. या नावांची रोमन लिपीतील स्पेलिंगे शिक्षकांकडून घ्या आणि मग शोधा. मिलिबेस व कायलोबेस हे अनुक्रमे वाणी आणि गोम यांच्या जातींचे कोश असून ते तज्ज्ञांनी तयार केलेले आहेत. 'कोणी लिहिले?' या प्रश्नाला तेथे समाधानकारक उत्तर मिळते.

परंतु आपण पाहिलेला प्राणी वाणी की गोम, हे कोश सांगणार नाही. त्यासाठी पायच पाहावे लागतात. गोमेच्या धडाच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते. वाण्याच्या बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या असतात. गोमेच्या पायांची पहिली जोडी विषारी नख्यांची असते, म्हणून तिला हात न लावता दुरूनच पाहावे. वाणी चावत नाही. तो कुजका पाचोळा खातो आणि मातीला उपकारक ठरतो. डिवचल्यास काही जाती उग्र वासाचा, त्वचेची आग करणारा द्रव सोडतात, तेव्हा त्यालाही उगाच हाताळू नये. हा फरक ठाऊक नसल्याने दर पावसाळ्यात कितीतरी निरुपद्रवी वाणी गोम समजून चिरडले जातात.

आता 'केव्हा?' हा प्रश्न. 'मिलिपीड म्हणजे सहस्रपाद, पण हजार पाय कोणत्याच वाण्याला नसतात' हे वाक्य तुम्ही वाचले असेल. कॅलिफोर्नियातील एका जातीचे 750 पाय हा उच्चांक होता, तोवर ते खरेही होते. 2021 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली 60 मीटर खोलीवर सापडलेल्या युमिलिपिस पर्सेफोनी या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्या एका मादीला 1306 पाय होते! एका दिवसात ते जुने वाक्य चुकीचे ठरले. पण असंख्य पानांवर ते आजही तसेच आहे.

तिसरा प्रश्न, 'कशावरून?', हा सर्वांत महत्त्वाचा. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी आपण छायाचित्र टाकतो आणि इतर लोक नाव सुचवतात. उपक्रम चांगला आहे. मात्र वाण्याची जात ठरवताना तज्ज्ञ बहुधा नराच्या सातव्या वलयावरील, प्रजननासाठी बदललेले पाय सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पाठीच्या छायाचित्रात ते दिसणार कसे? दहा जणांचे एकमत झाले म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही.

जुन्या काळजीपूर्वक नोंदींची किंमत मात्र कधीच कमी होत नाही. 1911-12 मध्ये अबोर मोहिमेबरोबर गेलेल्या स्टॅन्ली केंप यांना आजच्या अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यात ओनिकोफोरा गटातील एक प्राणी सापडला. आखूड, सांधे नसलेल्या पायांचा आणि डोळे नसलेला हा प्राणी म्हणजे टिफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनी. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडल्याची नोंद नव्हती. अलीकडे संशोधकांना तो त्याच खोऱ्यात पुन्हा आढळला. कोठे शोधावे आणि काय शोधावे, हे केंप यांनी लिहून ठेवले होते म्हणूनच हे शक्य झाले. त्या काळचे शास्त्रीय ग्रंथ व नियतकालिके बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर फुकट वाचावयास मिळतात.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. म्हणून एक प्रयोग सुचवतो. चालणाऱ्या वाण्याशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर चित्रफीत घ्या. पायांची लाट शेपटीकडून डोक्याकडे सरकताना दिसेल. दोन लाटांमधील अंतर मोजा, एका सेकंदात किती लाटा जातात ते मोजा, आणि दोहोंचा गुणाकार करा. हा झाला लाटेचा वेग. वाण्याच्या चालण्याचा वेगही तोच आहे का? चित्रफितीवरून तोही मोजून पाहा. तुमच्या अंगणातल्या वाण्याचे उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती. सुबक छापील चित्रांना गुण देणे आता थांबवावे. वहीत तारीख, जागा, पायांची मोजणी आणि हाताने काढलेली वेडीवाकडी का होईना, पण स्वतःची आकृती असेल, तर तिला अधिक गुण द्यावेत. उतरवलेल्या वहीने जगाच्या ज्ञानात काहीच भर पडत नाही. पाय मोजलेल्या वहीने एका नोंदीची तरी पडते.