मोडीचा तास आपल्या शाळेत हवा

आपल्या वसतिगृहात हस्ताक्षरासाठी रोज वेळ राखलेला असतो. एका पानावर वळणदार बालबोध, दुसऱ्यावर चाररेघी वहीतील इंग्रजी कर्सिव्ह. हा उपक्रम चांगलाच आहे. परंतु मराठीलाही स्वतःचे धावते अक्षर होते. त्याचे नाव मोडी. ते आपल्या मुलांना वाचता आणि लिहिता आले पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

गावगाड्यातील महाराचे वतन, बलुते, हाडकीची जमीन, त्याच्याकडून घेतलेली कामे या सर्वांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या मोडीतच झाल्या. लिहिणारा कुलकर्णी होता. ज्याच्याविषयी लिहिले जाई, तो निशाणी करून मोकळा होई. सरकारी कागद आणि सांगावा एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविणारा मात्र महारच होता. जो कागद त्याने ऊन-पावसात वाहून नेला, त्यातले एक अक्षरही त्याला उमगत नव्हते. महात्मा फुल्यांनी कुलकर्ण्याच्या लेखणीवर एवढे प्रखर प्रहार का केले, मुकुंदराव पाटलांना ‘कुलकर्णी लीलामृत’ का लिहावेसे वाटले, राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी का नेमले, याचे उत्तर या एका विसंगतीत बरेचसे सापडते.

हा केवळ इतिहास असता, तर आम्ही एवढा आग्रह धरला नसता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपली. तरीही इनाम वर्ग ६-ब च्या जमिनींचे तंटे आजही चालू आहेत, आणि त्यांची मुळे जुन्या कागदांत आहेत. जात पडताळणीचेही तसेच. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण पुरावा आजोबा-पणजोबांचाच लागतो. तो असतो शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात किंवा कोतवाल बुकात, आणि कित्येकदा मोडीत. मग वाचणारा शोधा, त्याचे मानधन द्या, तो सांगेल त्यावर विश्वास ठेवा. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आपल्या समाजाला ही निकड त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

मोडी नुसती पाहून येत नाही, ती हाताने गिरवावी लागते. बालबोधात आपण अक्षर काढतो आणि मग शिरोरेघ देतो. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि अक्षरे तिला टांगत जायची, शक्यतो हात न उचलता. काना खालून वर चढतो, म्हणून अक्षर आणि काना मिळून एक नवीच आकृती तयार होते. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. नेहमीच्या शब्दांचे एक अक्षर लिहून पुढे दोन दंड दिले की झाले. लेखणी कोठून आली आणि कोठे वळली, हे हाताला कळल्यावाचून डोळ्याला तो गुंता सुटत नाही. संगणकासाठी २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती अक्षरे छापील, सुटी आणि शहाणी असतात. घाईत लिहिणाऱ्या कुलकर्ण्याचा हात तसा नव्हता.

काही कार्यकर्ते विचारतात, ज्या लिपीने आपल्याला बांधले, तिचे कौतुक कशाला? आम्ही कौतुक करीतच नाही. छापखाना आणि बालबोध यांनी ज्ञान मोकळे केले, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. पण दस्तऐवज आपला आणि वाचक परका, ही स्थिती मोडी विसरल्याने सुटलेली नाही, उलट पक्की झाली आहे. पेशवे दफ्तरातून रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतर ४५ खंड निवडून छापले. दफ्तरातील कागदांच्या राशीपुढे तो वाटा लहानच, आणि निवड नेहमी निवडणाऱ्याच्या प्रश्नांनुसार होते. वेठीचा, वतनाचा, गावकुसाबाहेरच्या माणसांचा प्रश्न घेऊन त्या रुमालांपाशी बसणारी मुले आपल्याच शाळेतून निघाली, तर ते आम्हांला हवे आहे.

आठवीपासून आठवड्याला एक तास पुरेल. पहिले दोन महिने बोरू आणि रेघ; मग बाराखडी, आकडे, महिन्यांची व गावांची नावे; त्यानंतर खऱ्या कागदांच्या छायाप्रती. शिक्षकांना पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांना पाठविता येईल.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. घरातील पेटीत, आजोबांच्या ट्रंकेत मोडीतला कागद असेल, तर त्याची छायाप्रत शाळेला द्यावी. मूळ कागद घरीच सुती कापडात गुंडाळून ठेवावा. त्याचे लॅमिनेशन करू नये, आणि तो वाचून देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती सोडू नये.