शब्दार्थांच्या वहीपलीकडे

डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अशी वही मराठी घरांना नवी नाही. २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तरी अनेक घरी वही तशीच राहिली. ‘डिस्कस’ म्हणजे चर्चा करणे, एवढेच पाठ केलेला विद्यार्थी हमखास ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. मराठीत चर्चा एखाद्या गोष्टीविषयी होते ना! लग्नही कुणाशी तरी होते, म्हणून ‘मॅरीड विथ’. दोष बुद्धीचा नव्हे, सुट्या अर्थाचा.

जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी ही अडचण ओळखली. १९४२ साली टोकियोत निघालेल्या त्यांच्या कोशात सोप्या व्याख्येसोबत शब्द वाक्यात कसा चालतो, तेही दाखवले होते. १९७८ च्या लाँगमन कोशाने व्याख्यांसाठी सुमारे २००० शब्दांचीच मर्यादा घालून घेतली. तेवढे शब्द आधी पक्के हवेत. ते मराठीतून पक्के करण्यात कमीपणा कसला? मराठी हद्दपार केल्यावाचून इंग्रजी येत नाही, हा समज पालकांनी सोडावा आणि मुलांच्या वहीत आणखी दोन रकाने आखून द्यावेत: एक कोशातील उदाहरणवाक्याचा, दुसरा मुलाने घरातल्याच माणसांवर रचलेल्या वाक्याचा.