'युटिल्स' नावाचा माळा

कुठलाही तीन-चार वर्षं जुना प्रोजेक्ट उघडा. 'युटिल्स' नावाची एक फाईल त्यात सापडणारच. ती नसेल तर 'हेल्पर्स' असेल, नाहीतर 'कॉमन'. आपल्या घरात माळा असतो ना, तसलाच प्रकार. जे टाकवत नाही आणि कुठे ठेवावं तेही कळत नाही, ते सगळं वर. फोल्डर बनवा, फाईल वाचा, फाईल उडवा, बाहेरची कमांड चालवा... एकावर एक रचलेली फंक्शन्स. आणि गंमत म्हणजे या माळ्याचं सगळ्यांना कौतुक! का, तर म्हणे 'रीयूज' होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. फाईल्सशी आणि ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारी ही घरगुती फंक्शन्स बहुतेक वेळा काम सोपं करत नाहीत, फक्त वाईट बातमी दाबतात. ती काढून टाका.

पटत नाही? एकेक घेऊ.

पहिला नमुना : 'फाईल आहे का' विचारणारं फंक्शन. आधी विचारायचं, मग उघडायची. आता फलाटावरून लोकलची खिडकीची जागा रिकामी दिसणं आणि आपण तिथे जाऊन बसणं यात किती फरक असतो हे मुंबईकराला सांगायला नको. तपासणी आणि उघडणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा प्रोग्रॅम ती फाईल उडवू शकतो, बदलू शकतो. मग विचारलंत कशाला? सरळ उघडा, नाही उघडली तर जी एरर येईल ती हाताळा. 'फोल्डर नसेल तर बनव' हे फंक्शन तर पायथॉनमध्ये कुणी लिहूच नये. २०११ च्या ३.२ आवृत्तीपासून ती सोय भाषेतच आहे. तात्पुरत्या फाईलसाठी नुसतं मोकळं नाव शोधून देणारं 'एमकेटेम्प' तर पायथॉनवाल्यांनी २००३ मध्येच, २.३ आवृत्तीत, वापरू नका म्हणून सांगितलं. कारण हेच. नाव मिळेपर्यंत ते मोकळं असतं, फाईल बनवेपर्यंत असेलच असं नाही.

दुसरा नमुना : 'सेफ डिलीट'. नावात 'सेफ', आणि आत काय? येईल ती एरर पकडायची, गिळायची आणि 'फॉल्स' परत द्यायचं. ते 'फॉल्स' पुढे कोण बघतं? कुणीच नाही! जावाचं जुनं डिलीट असंच होतं. जमलं की नाही एवढंच सांगायचं, का नाही जमलं ते नाही. परवानगी नव्हती? फोल्डर रिकामं नव्हतं? फाईलच नव्हती? देव जाणे. २०११ मध्ये जावा ७ आलं आणि त्यात कारणासकट एक्सेप्शन फेकणारं नवं डिलीट दिलं. भाषा बनवणारे सुधारले. आपण मात्र ते एक्सेप्शन पकडून पुन्हा 'फॉल्स' करतो आणि वर त्याला 'सेफ' म्हणतो. सेफ कुणासाठी, राव? एरर दिसली नाही म्हणून ज्याचा शुक्रवार नीट गेला त्याच्यासाठी.

तिसरा नमुना : बाहेरची कमांड चालवणारं फंक्शन. शब्द जोडून एक लांबलचक ओळ बनवायची आणि शेलच्या हवाली करायची. फाईलच्या नावात एक स्पेस किंवा अर्धविराम आला की खेळ खलास. २०११ मध्ये लिनक्सवरच्या बम्बलबी प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पुसण्याच्या कमांडमध्ये एक जादा स्पेस पडली आणि एका फोल्डरऐवजी अख्खं 'यूएसआर' उडायला लागलं. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीमचा असाच बग उजेडात आला. पत्त्याचं व्हेरिएबल रिकामं राहिलं तर स्क्रिप्ट थेट मुळापासून पुसत सुटायची. एका माणसाची जोडलेली बाहेरची डिस्कसुद्धा साफ झाली. दोन्ही शेल स्क्रिप्ट्स होत्या, पण आपलं हेल्पर तरी दुसरं काय करतं? शब्द जोडून शेललाच देतं ना? पायथॉनमध्ये २००४ पासून 'सबप्रोसेस' आहे. त्याला शब्दांची यादी द्या, मधे शेल येतच नाही.

आता म्हणाल, स्टँडर्ड लायब्ररीत काय बग नसतात? असतात की! जानेवारी २०२२ मध्ये रस्टच्या अख्खं फोल्डर उडवणाऱ्या फंक्शनमध्ये वर सांगितलेलीच भानगड निघाली. तपासणी आणि पुसणं यांच्या मधे कुणी लिंक बदलली की भलतंच फोल्डर पुसलं जाऊ शकत होतं. १.५८.१ आवृत्ती आली, लोकांनी अपग्रेड करून रीबिल्ड केलं, विषय मिटला. तुमचं 'सेफ डिलीट' आजवर किती प्रोजेक्ट्समध्ये कॉपी-पेस्ट झालंय? ते कोण दुरुस्त करणार? लिहिणारा तर कधीच कंपनी सोडून गेला.

एक हेल्पर मात्र जरूर लिहा : फाईल सेव्ह करणारं. जुनी फाईल लिहिण्यासाठी उघडली की त्याच क्षणी ती शून्य होते. तेवढ्यात लाईट गेली किंवा डिस्क भरली तर जुनंही गेलं आणि नवंही. म्हणून त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाईल लिहायची, एफसिंक करायचं आणि मगच जुन्या नावावर रीनेम करायचं. २००९ च्या सुमारास ईएक्सटी४ नवीन असताना मशीन क्रॅश झालं की शून्य बाईटच्या फाईल्स उरायच्या, त्या एफसिंक न करणाऱ्या प्रोग्रॅम्समुळेच. या तीन पायऱ्या दर वेळी कुणाला आठवणार नाहीत, म्हणून त्या एका जागी हव्यात. असं हेल्पर एक वचन देतं, आणि पाळता आलं नाही तर तसं सांगतं. माझा विरोध गप्प बसणाऱ्यांना आहे.

हा सगळा नीटनेटकेपणाचा हट्ट वाटत असेल, तर दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते आठवा. एखाद्या पतसंस्थेतला कारकून. दिवसभराच्या नोंदी केल्या, 'सेव्ह झालं' असं वाचलं आणि घरी गेला. डिस्क भरली होती. एरर आली होती, पण आपल्या हेल्परने ती गिळली. दुसऱ्या दिवशी सकाळी वही कोरी. बोलणी कुणाला बसणार? आपल्याला नक्कीच नाही. आपण तोवर तिसऱ्या प्रोजेक्टवर असतो.

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेलात की चहाच्या आधी आपल्या कोडमध्ये तीन गोष्टी शोधा : उघडण्याआधी 'आहे का' विचारणारी ओळ, एरर पकडून गप्प बसणारी ओळ आणि शब्द जोडून शेलला दिलेली ओळ. सापडतीलच. एकेक करून काढा. सुरुवातीला प्रोग्रॅम जास्त ओरडेल. ओरडू द्या, तो आधीही अडखळत होताच, फक्त आपल्यापर्यंत आवाज येत नव्हता.