फ्रीजचे दार उघडे ठेवले तर?

वैशाखातली भर दुपार. नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला, की घरातली मुले एक युक्ती हमखास शोधून काढतात. फ्रीजचे दार सताड उघडायचे आणि समोर फतकल मारून बसायचे! चार मिनिटे गार वाटतेही. पण दार तासभर तसेच राहिले, तर स्वयंपाकघर आधीपेक्षा जास्त तापते. आई ओरडते ती विजेच्या बिलापायी. पण भौतिकशास्त्रही तिच्याच बाजूचे आहे.

फ्रीज थंडी तयार करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढेच. जुन्या फ्रीजला त्यासाठी मागे काळी जाळी असते; नव्यात ती बहुधा बाजूच्या पत्र्याआड दडलेली असते, म्हणून तो पत्रा हाताला गरम लागतो. तो भिंतीला चिकटवून ठेवला, की उष्णतेची वाट अडलीच.

उष्णता आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. कपातला चहा निवतो, पण आपोआप पुन्हा उकळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ रूडॉल्फ क्लाउझियस यांनी १८५० मध्ये मांडलेला ऊष्मागतिकीचा दुसरा नियम तो हाच. उष्णतेला उलट्या वाटेने न्यायचे, तर हमाली मोजावी लागते. फ्रीजमध्ये ती हमाली कॉम्प्रेसर वीज खाऊन करतो.

मग ही वीज जाते कुठे? पहिला नियम सांगतो, की ऊर्जा रूप बदलते, नाहीशी होत नाही. विजेचीही अखेर उष्णताच होते. दार उघडे असताना फ्रीज खोलीतलीच उष्णता उचलून खोलीतच टाकतो, आणि विजेची भर वर पडते. एअरकंडिशनरचे जमते, कारण त्याचा तापणारा भाग घराबाहेर असतो. त्याचा झोत शेजाऱ्यांच्या गॅलरीत जातो, हा भाग वेगळा!

माठाला मात्र वीज लागत नाही. पाझरलेल्या एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. तेवढ्याने अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एका अंशाने निवते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे झपाट्याने घडते. मुंबईच्या दमट हवेत माठ तितकासा गार होत नाही.

घरात उन्हाने कासावीस झालेले वृद्ध माणूस असेल, तर त्याला फ्रीजसमोर बसवू नये. अंगावर ओले फडके फिरवून पंखा लावावा. माणसाची कातडीही माठासारखीच निवते. बोलणे बरळल्यासारखे झाले, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठावा.