रॉयल्टी हाती, पान मात्र वनखात्याच्या ताब्यात

जंगलातील वनस्पतींपासून बाजारात विकले जाणारे उत्पादन तयार व्हावे आणि त्याच्या नफ्यात तिथल्या रहिवाशांना न्याय्य वाटा मिळावा, या कल्पनेला आता जगभर मान्यता आहे. त्यासाठी 'लाभवाटप' हा शब्दही रूढ झाला आहे. या विषयावर कुठेही चर्चा सुरू झाली, की केरळमधील काणी आदिवासींचे उदाहरण हटकून दिले जाते. ते उदाहरण महत्त्वाचे आहेच. पण यशापेक्षा ते जिथे अडले, ती जागा अधिक बोलकी आहे.

१९८७ मध्ये तिरुअनंतपुरम जिल्ह्यातील अगस्त्यमलाईच्या डोंगरांत शास्त्रज्ञांचे एक पथक फिरत होते. चढणीने सारे थकले, पण वाटाडे म्हणून सोबत आलेले काणी तरुण ताजेतवानेच राहिले. ते अधूनमधून एका रानवनस्पतीची फळे खात होते. बऱ्याच आग्रहानंतर त्यांनी ती वनस्पती दाखवली. तिचे नाव 'आरोग्यपच्चा'. पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिचे गुणधर्म तपासले आणि अन्य तीन वनस्पतींची जोड देऊन 'जीवनी' हे शक्तिवर्धक औषध तयार केले. १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी उत्पादनाचा परवाना देण्यात आला. शुल्क १० लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के रॉयल्टी. या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा काणींना देण्याचा निर्णय संस्थेने घेतला. तेव्हा देशात जैवविविधता कायदाच अस्तित्वात नव्हता, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे मोल कळते.

पैसे घेणार कोण, हा प्रश्न मात्र उरलाच. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी नोंदवला गेला आणि १९९९ मध्ये त्यात ५ लाख १९ हजार रुपये जमा झाले. साधा हिशेब केला तरी यातील पाच लाख हे परवाना शुल्काचा निम्मा हिस्सा ठरतात. म्हणजे प्रत्यक्ष विक्रीच्या रॉयल्टीतून काणींच्या वाट्याला आलेली रक्कम तोवर जेमतेम १९ हजारांची! २००२ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत या प्रयोगाचा गौरव झाला, त्या टाळ्यांच्या गजरात हा आकडा फारसा कुणाच्या कानी पडला नाही.

उत्पादन का वाढले नाही? कारण पाने हवी होती आणि पाने जंगलात होती. आरोग्यपच्चा वाढते ती दाट झाडीच्या सावलीत. काही काणी कुटुंबांनी तिची लागवड करून पाहिली, पण तोडलेले पान लागवडीचे की रानातले, हे ओळखायचे कसे, असा पेच वनखात्यापुढे होता. बेसुमार तोडीने ही दुर्मिळ वनस्पतीच नष्ट होईल, ही खात्याची भीतीही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परिणाम असा, की ज्यांच्या ज्ञानातून औषध निघाले, त्यांनाच त्याचे पान गोळा करण्यास मनाई झाली. समाजातही एकमत नव्हते. पूर्वापार औषधी ज्ञान सांभाळणाऱ्या 'प्लाथीं'पैकी काहींनी हे ज्ञान खासगी कंपनीला देण्यासच विरोध केला. कराराच्या बोलणीत ते कुठेच नव्हते. त्यातच 'जीवनी' हे नाव अमेरिकेत तेथील एका कंपनीने ट्रेडमार्क म्हणून नोंदवले.

पुढे २००२ मध्ये जैवविविधता कायदा आला. देशी कंपन्यांनाही लाभवाटप बंधनकारक आहे का, या वादात उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या याचिकेवर निकाल देताना 'आहे' असे स्पष्ट केले. मात्र २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीतील औषधी वनस्पती आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान यांना या बंधनातून सूट दिली. पान लागवडीचे की रानातले, हा पालोडच्या जंगलातील जुनाच प्रश्न आता देशभर विचारावा लागेल. दाखला मिळाला की माल लागवडीचा ठरणार, हे उघड आहे. काणींसारख्यांचे ज्ञान ग्रंथबद्ध नसल्याने त्यावरचा दावा कागदावर शाबूत आहे. तो सिद्ध करण्याचे ओझेही अर्थातच त्यांच्यावरच.

वनहक्काचा मार्ग याहून वेगळा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकीच आदिवासींना व पारंपरिक वननिवासींना दिली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू म्हणजे इमारती लाकूड, असे सांगत वनखाते वाहतूक परवाना देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवाना पुस्तकच ग्रामसभेच्या हाती सोपवले. वाटाघाटी, तोड, मजुरी आणि जमाखर्च हे सारे तेव्हापासून ग्रामसभेकडे आले. काणींना दोन टक्क्यांतील निम्मा हिस्सा मिळत होता. मेंढ्याने विक्रेता म्हणून खरेदीदाराशी स्वत:च भाव ठरवला. २०१२ मध्ये नियमांत बदल होऊन परवान्याचा हा अधिकार देशातील इतर ग्रामसभांनाही मिळाला.

अर्थात मेंढ्याच्या वाटेलाही मर्यादा आहे. बांबू असो वा तेंदूपान, बहुतेक माल गावातून कच्चाच बाहेर पडतो. त्याचा कागद आणि बिडी दुसरीकडे होते. 'जीवनी'च्या बाबतीत उत्पादन तयार होते, पण पानावर हक्क नव्हता. इथे हक्क आहे, पण कारखाना नाही. प्रक्रियेसाठी लागणारे भांडवल, गोदाम आणि खेळते पैसे ग्रामसभेकडे नसतात. हंगामात हाती रोकड हवी असते आणि व्यापारी गावच्या वेशीवर येऊन थांबलेला असतो.