वारंगा फाट्यावरून काठमांडू

पाठीवर एक सॅक, खिशात बेताचे पैसे आणि हाताशी पंधरा-वीस दिवस असलेल्या मराठवाड्यातल्या तरुणाला परदेशातले पहिले शहर म्हणून काठमांडूइतके सोयीचे दुसरे शहर नाही. भारत-नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या मैत्री करारापासून दोन्हीकडच्या नागरिकांची ये-जा मोकळी आहे. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालते, मात्र आधार कार्डावर विसंबून राहू नये. शिवाय सगळी वाट जमिनीवरून जाते. परभणी जिल्ह्यातले पत्रकार विष्णुदास चापके मार्च २०१६ मध्ये निघाले आणि मुख्यतः जमिनीच्या वाटेने पृथ्वीप्रदक्षिणा करून मार्च २०१९ मध्ये परतले. तेवढी तीन वर्षे सगळ्यांकडे नसतात, पण मुलूख बदलताना डोळ्यांनी बघत जाण्याची ती रीत दोन-तीन आठवड्यांच्या फिरस्तीलाही तितकीच लागू पडते.

वारंगा फाटा कळमनुरी तालुक्यात आहे. नांदेडहून आलेला रस्ता इथे दुभंगतो. एक फाटा हिंगोली-वाशीमकडे जातो, दुसरा उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरला. इथली खिचडी वाहनचालकांमध्ये नावाजलेली आहे आणि रात्रीच्या गाडीची वाट बघणाऱ्याला ती पुरेशी होते. नागपूरहून गोरखपूरला रेल्वेने जाता येते. तिथून सोनौलीची सीमा शंभर किलोमीटरच्या आत आहे. दुसरी वाट पाटणा आणि रक्सौलवरून वीरगंजची. रक्सौल-वीरगंजहून शेअर जीप हेटौडा आणि कुलेखानीच्या डोंगरातून पाच-सहा तासांत राजधानीत पोचवते. सोनौलीच्या वाटेला बसने पूर्ण दिवस लागतो.

या घाटरस्त्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. नारायणघाट ते मुगलिन हा त्रिशूली नदीकाठचा पट्टा दरडींचा आहे. जुलै २०२४ मध्ये इथे दरड कोसळून दोन प्रवासी बस नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. म्हणून पावसाळ्यात हा प्रवास करूच नये. एरवीही रात्रीची बस टाळून दिवसाउजेडी जावे. त्यासाठी सीमेवर एक मुक्काम पडला तर पडू द्यावा.

हंगाम दोन आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. शेतकरी घरातल्या मुलाला पहिला सोयीचा, कारण सोयाबीन निघालेले असते आणि हळदीची काढणी अजून लांब असते. त्या दिवसांत आभाळ धुतलेले असते आणि बर्फाची शिखरे शहराच्या गच्चीवरूनही दिसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलेल्याला धुरकट हवेमुळे ती बहुधा दिसत नाहीत.

पैशांचा हिशेब सोपा आहे. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात आणि हा दर १९९३ पासून बदललेला नाही. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत राहतात, त्यामुळे शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. मार्च २०२४ पासून बऱ्याच दुकानांत भारतीय यूपीआयही चालते. पाटण-भक्तपूरच्या चौकांत आणि राष्ट्रीय उद्यानांत सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पर्यटकांपेक्षा बरेच कमी शुल्क लागते, म्हणून ओळखपत्र सतत खिशात हवे. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे आणि शनिवार सुट्टीचा वार असतो हे ध्यानात ठेवायचे, एवढे बदल पुरतात.

मुक्कामासाठी बहुतेक सगळे ठमेलमध्ये जातात. तिथे होस्टेलमधला एक पलंग स्वस्तात मिळतो. ठमेलच्या आधी, १९६० आणि ७० च्या दशकांत, युरोपातून जमिनीच्या वाटेने आलेले हिप्पी तरुण दरबार चौकाजवळच्या झोछें गल्लीत उतरत. १९७३ मध्ये नेपाळ सरकारने गांजा-चरसची दुकाने बंद केली आणि ती गर्दी ओसरली. मराठी माणसांचा या शहराशी संबंध त्याहून जुना आहे. १८५७ चा उठाव फसल्यावर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले आणि त्यांच्या घराण्यातल्या स्त्रियांना काठमांडूत थापाथलीला आसरा मिळाला.

या खोऱ्यातली सात स्थळे १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. काठमांडू, पाटण आणि भक्तपूर यांचे तीन दरबार चौक, स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन स्तूप, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण. बहुतेक पर्यटक ती दोन दिवसांत उरकतात. हा घाईचा हिशेब चुकीचा आहे. एकट्या पाटणला दोन दिवस द्यावेत. तिथले कृष्णमंदिर राजा सिद्धिनरसिंह मल्ल याने १६३७ मध्ये उभारले, सबंध दगडाचे. पण त्याहून जुनी गोष्ट त्याच चौकाच्या कडेला जमिनीखाली आहे. तिचे नाव मंगहिटी. पायऱ्या उतरून खाली गेले की फरसबंदी खोलगट चौक लागतो. त्याच्या भिंतीतून मगरीसारखी तोंडे कोरलेल्या तीन दगडी धारा बाहेर येतात. सहाव्या शतकात बांधलेल्या या धारांना आजही पाणी येते आणि आसपासची बायका-माणसे घागरी नि प्लास्टिकचे कॅन घेऊन रांगेत उभी असतात. जुन्या व्यवस्थेत डोंगरपायथ्याचे पाणी कालव्याने शहराजवळच्या तळ्यांत येई, जमिनीत मुरे आणि खडी-वाळूच्या थरांतून गाळून धारेला लागे. मराठवाड्यात गावोगावच्या बारवा गाळाने बुजल्या. त्या भागातून आलेल्या माणसाने इथे तासभर बसावे, धारेखाली हात धरावा आणि ही जुनी सोय चालू ठेवायला गावाला काय करावे लागते ते विचारावे. काठमांडूतही सगळ्या धारा वाचलेल्या नाहीत. वर घरे झाली, कालवे तुटले आणि कित्येक धारा कोरड्या पडल्या.

इथून डोंगराकडे जाण्याची वाट आपोआप सापडते, कारण शहर आणि डोंगर यांना जोडणारी वस्तू पाणी हीच आहे. उत्तरेच्या टोकाला बुढानीलकंठ येथे शेषावर पहुडलेल्या विष्णूची सातव्या शतकातली काळ्या दगडाची मूर्ती आहे. तिथून शिवपुरीचा चढ सुरू होतो. शिखर २,७३२ मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा हजार मीटरहून अधिक. सुमारे बाराशे मीटरचा चढ ओक आणि गुरास म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या जंगलातून एका दिवसात होतो. माथ्याजवळच बागद्वार आहे. वाघाच्या मुखाकृतीतून पडणारी पाण्याची बारीक धार, आणि तीच बागमती नदीचा उगम. तिथे ओंजळभर पाणी प्यावे. हीच नदी डोंगराच्या दुसऱ्या अंगाने सुंदरीजलला उतरते, तिथून शहरात शिरते आणि पशुपतिनाथाच्या घाटाला येईपर्यंत सांडपाण्याने काळवंडते. वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये नदीचे काय होते हे पायी चालणाऱ्याला पुस्तकाशिवाय कळते. खोऱ्यातले पाणी पुरत नसल्यामुळे शहराला आता दूरच्या मेलम्ची नदीचे पाणी सव्वीस किलोमीटरहून लांब बोगद्यातून आणावे लागते. ते २०२१ मध्ये पहिल्यांदा पोचले आणि त्याच वर्षीच्या जूनमधल्या पुराने मूळ बंधाऱ्याची नासाडी केली.

शिवपुरीनंतर पशुपतिनाथाला जावे. औंढा नागनाथच्या पंचक्रोशीत वाढलेल्याला देवळातली गर्दी, बेलफुलांचे वाटे, अभिषेक सगळे ओळखीचे वाटेल. मुख्य पूजा दाक्षिणात्य भट्ट पुजारी करतात. नदीकाठच्या आर्यघाटावर दिवसभर चिता जळत असतात. त्यांचे फोटो काढू नयेत, तो कुणाच्या तरी घरचा दुःखाचा दिवस असतो.

हाताशी आणखी आठवडा असेल तर लांगटांग खोरे गाठावे. स्याब्रुबेसीपर्यंत बसने दिवस जातो आणि पुढे तीन-चार दिवस चालून सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या क्यांजिन गोम्पाला पोचता येते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात शहरातला धरहरा मनोरा आणि काष्ठमंडप कोसळले, आणि या खोऱ्यात हिम-दगडांच्या लोटाखाली लांगटांग गाव पुरते गाडले गेले. वाचलेल्यांनी जवळच घरे पुन्हा बांधली. आज तिथल्या लॉजमध्ये मुक्काम करून डाळ-भात-तरकारी जेवणे हा त्या कुटुंबांना सरळ हातभार आहे, तेव्हा भावात फार घासाघीस करू नये. परदेशी ट्रेकरने परवानाधारक गाइड घ्यावा असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे, आणि नियम नसता तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने तो घ्यायलाच हवा. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर नसावा. डोके ठणकू लागले, उलटी झाली तर वर जाणे थांबवावे. आराम पडला नाही किंवा चालताना तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी खाली उतरावे. सपाट मुलखातल्या, शेतात कष्ट केलेल्या दणकट पोरालाही हा त्रास होतो. त्याचा ताकदीशी काही संबंध नाही.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. दिवाळीनंतर निघायचे असेल तर गोरखपूर किंवा पाटण्याचे तिकीट गणपती-नवरात्राच्या सुमारासच काढावे लागते, आणि पासपोर्ट नसेल नि मतदार यादीतही नाव नसेल तर त्याचा अर्ज त्याच्याही आधी भरावा.