मीटर कुणाचा?

"सर, हे रिपेअर होत नाही. असेंब्लीच बदलावी लागते."

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने हे इतक्या सरावाने सांगितलं की दिवसातून किमान दहा वेळा तो हे वाक्य म्हणत असणार. गाडी बाबांची, तेरा वर्षांची हॅचबॅक. इंजिन ठणठणीत. तक्रार एवढीच की मीटर मधूनच मरायचा. स्पीडचा काटा शून्यावर, पेट्रोलचा तळाला, ओडोमीटरचे आकडे गायब. खड्डा आला की परत जिवंत. पुण्यात खड्ड्यांची टंचाई नसल्यामुळे आमचे काही महिने निभावले. नंतर बाबांना डॅशबोर्डवर थाप मारायची सवय लागली, पूर्वी टीव्हीला मारायचे तशी.

काउंटरवरून मिळालेल्या कागदावर नव्या मीटरचे १६,८०० रुपये होते. त्यावर जीएसटी, लेबर आणि "प्रोग्रॅमिंग" नावाची एक वेगळी ओळ. सगळं मिळून बावीस हजारांच्या पुढे. मी विचारलं, "बिघडलंय काय?"

"मीटर."

"मीटरमधलं काय?"

तो गोंधळला. हा प्रश्न त्याला कुणी विचारत नसावं. मग म्हणाला, "आतमध्ये आम्ही उघडत नाही, सर."

माझं भांडण या वाक्याशी आहे. त्या मुलाशी नाही. त्याला उघडायला कुणी शिकवलेलंच नाही, आणि उघडलं तर त्याची नोकरी जाईल. पण काय बिघडलंय हे न पाहता बावीस हजारांचं बिल करणं याला आपण दुरुस्ती म्हणायला लागलो आहोत. डॉक्टर तपासणी न करता अख्खा पाय बदला म्हणाला, तर आपण दुसरा डॉक्टर शोधू. गाडीच्या बाबतीत मान डोलावतो आणि कार्ड पुढे करतो.

आत काय होतं ते आधी सांगतो.

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलची चौकशी केली तेव्हा ते फक्त डीलरसाठी असतं असं उत्तर आलं. म्हणजे ज्याने गाडीचे पैसे दिले त्याला ती उघडायची कशी हे कळायची सोय नाही. तरी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसलो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. एअरबॅगच्या सर्किटमधल्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ वीज साठून राहते, म्हणून वर जाऊन चहा पिऊन आलो. स्टिअरिंग जितकं खाली येतं तितकं खाली केलं. मीटरभोवतीची प्लास्टिकची चौकट नुसत्या क्लिपांवर बसलेली असते. स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडले असते म्हणून आईचं प्लास्टिकचं उलथनं वापरलं. चौकटीमागे तीन स्क्रू. ते काढून मीटर अलगद पुढे ओढला, मागे हात घालून कनेक्टरचा खटका दाबला, आणि मीटर मांडीवर आला. चहा सोडून वीस मिनिटं.

मागचं झाकण उघडल्यावर बोर्ड दिसला. काटे काढायची वेळच आली नाही. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिलं, तर कनेक्टरच्या दोन पिनांच्या मुळाशी सोल्डरला केसाएवढी गोल भेग गेलेली. टीव्ही दुरुस्त करणारे याला ड्राय सोल्डर म्हणतात. तेरा वर्षं रोज तापून, थंड होऊन, हादरे खाऊन सांधा तडकतो. हादरा बसला की पिन टेकते, म्हणून खड्ड्यात मीटर जिवंत व्हायचा. तापकीर गल्लीतून आणलेली फ्लक्स आणि सोल्डरची तार दोनशे रुपयांच्या आत. दोन्ही सांधे पुन्हा वितळवले, शेजारचे चारही सावधगिरी म्हणून. त्याला सात महिने झाले. बाबांची थाप मारायची सवय मात्र अजून गेलेली नाही.

इथे मला "बघा, मी किती हुशार" असं म्हणायचं नाही. यात हुशारी नाही हाच मुद्दा आहे. कुठल्याही गल्लीतल्या टीव्ही रिपेअरवाल्याने हे माझ्यापेक्षा नीटसं केलं असतं. मीटर ही काही देवघरातली वस्तू नाही. त्यात एक छोटा प्रोसेसर असतो, काटे फिरवणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या स्टेपर मोटर असतात, दिवे असतात आणि अंतराचा आकडा साठवणारी बहुधा आठ पायांची एक मेमरी चिप असते. वेग, इंजिनचे फेरे, तापमान ही सगळी माहिती बहुतेक आधुनिक गाड्यांत कॅन बसवरून येते. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जाहीर केली. म्हणजे आपण चाळीस वर्षं जुन्या तंत्राबद्दल बोलतोय. अमेरिकेत २००३ नंतरच्या काही वर्षांतल्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांचे काटे स्टेपर मोटर खराब होऊन भलतीकडे अडकायचे. तिथल्या असंख्य लोकांनी घरच्या टेबलावर बसून त्या मोटर बदलल्या.

मग हरकत काय? तीन हरकती नेहमी येतात, आणि त्यातली एकही मला हसण्यावारी न्यायची नाही.

पहिली, सुरक्षितता. मीटरमध्ये एअरबॅगचा, एबीएसचा, ऑइल प्रेशरचा इशारा देणारे दिवे असतात. अर्धवट माहितीच्या माणसाने हात घातला आणि दिवा लागायचाच बंद झाला तर? धोका खरा आहे. पण त्यावर उपाय माहिती देणं हा आहे, लपवणं हा नाही. ब्रेकचे पॅड रस्त्याकडेचा कुठलाही मेकॅनिक बदलतो आणि त्यावर कुणाची हरकत नसते, आणि ब्रेक मीटरपेक्षा कितीतरी जास्त जिवावरचा भाग आहे. शिवाय बावीस हजार ऐकून लोक काय करतात? काहीच करत नाहीत. मेलेला मीटर घेऊन तशीच गाडी चालवतात. आम्हीही चालवली. त्या काळात ऑइलचा दिवा लागला असता तर आम्हाला कळलंही नसतं. दुरुस्ती महाग केली की गाडी सुरक्षित होत नाही, नादुरुस्त राहते.

दुसरी हरकत जास्त वजनदार. ओडोमीटर मीटरमध्येच असतो. मीटर उघडायची मोकळीक दिली तर लाखभर चाललेल्या गाड्या चाळीस हजारांवर आणून विकणाऱ्यांचं फावेल. पण त्यांचं आज काय अडलंय? आकडा मागे घेण्याची उपकरणं त्यांच्याकडे आहेत. कंपनीच्या कुलपाने त्यांना कधी रोखलेलं नाही. ज्याला आकडा बदलायचाच नाही, फक्त तडकलेला सांधा जोडायचाय, तो मात्र अडतो. चोराला किल्ली सापडली आहे म्हणून घरमालकाला बाहेर ठेवण्यातला हा प्रकार.

फसवणूक रोखून दुरुस्ती मोकळी ठेवता येते, आणि त्याला फार मोठं तंत्रज्ञानही लागत नाही. अमेरिकेत ओडोमीटरशी छेडछाड हा १९७२ पासून केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात ओडोमीटर दुरुस्त करायची किंवा बदलायची परवानगीही आहे. आकडा तोच ठेवता येत असेल तर तोच ठेवायचा. येत नसेल तर शून्यावर आणायचा आणि डाव्या दाराच्या चौकटीवर लेखी सूचना चिकटवायची: आधीचा आकडा अमुक, काम तमुक तारखेला. ती सूचना काढणं हाही गुन्हा. एका चिकटवलेल्या कागदाने पन्नास वर्षांपूर्वी जे करून दाखवलं, ते आपल्याला आरसी, विमा आणि पीयूसी ऑनलाइन असलेल्या देशात जमू नये?

तिसरी हरकत चोरीची. काही गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी व्यवस्था, मीटरमध्येच असते. अशा गाडीत दुसऱ्या गाडीचा चांगला मीटर आणून लावला तर गाडी सुरूच होत नाही. दोघांची ओळख कंपनीच्या सॉफ्टवेअरनेच करून द्यावी लागते. बावीस हजारांमधली "प्रोग्रॅमिंग"ची ओळ ती हीच. चोरी रोखायला हे ठीक आहे. पण आरसीवर ज्याचं नाव आहे, ज्याच्या हातात दोन्ही किल्ल्या आहेत, त्याला आपल्याच गाडीची आपल्याच गाडीशी ओळख करून द्यायला मनाई का? त्याची ओळख पटवा, फी घ्या, नोंद ठेवा. दार मात्र उघडा.

आता एक कबुली. ती दिल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक ठरेल.

हे दार बंद करणारा कोड कुणीतरी लिहितं. मी लिहिला आहे. दोन वर्षांपूर्वी एका घरगुती यंत्राच्या सॉफ्टवेअरवर काम करत असताना माझ्याकडे एक छोटं काम आलं: आत बसवलेल्या भागाचा अनुक्रमांक आमच्या यादीत नसेल तर यंत्र सुरू होऊ द्यायचं नाही. फंक्शन जेमतेम पंधरा ओळींचं. "अनधिकृत भाग आढळला" हा संदेशही मीच लिहिला. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं, रिव्ह्यूमध्ये कुणी काही विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तो भाग बाहेरचा असला तरी व्यवस्थित चालतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "अनधिकृत" या शब्दाचा बिघाडाशी काही संबंध नव्हता, विक्रीशी होता.

पार्किंगमध्ये मीटर मांडीवर घेऊन बसलो तेव्हा त्या पंधरा ओळी आठवल्या. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात माझा संदेश दिसत असेल, आणि काउंटरवरचा एखादा मुलगा सरावाने सांगत असेल, "रिपेअर होत नाही, सर." ते वाक्य त्याच्या तोंडी घालणारे आम्ही आहोत. चार वर्षं वर्कशॉपच्या जर्नल भरून इंजिनिअर झालेले आम्ही, लोकांना त्यांच्या वस्तूंबाहेर ठेवायचा पगार घेतो आणि त्याला प्रॉडक्ट सिक्युरिटी म्हणतो.

"पूर्वीच्या स्कूटर बऱ्या होत्या" हा गळा मला काढायचा नाही. गाड्या आज जास्त सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा वाटा आहे. काही गोष्टी घरी होणार नाहीत हेही मान्य. अख्खा मीटर म्हणजे एक स्क्रीन असलेल्या नव्या गाड्यांत पॅनल फुटलं तर माझी सोल्डरिंग गन काही कामाची नाही. प्रत्येकाने उलथनं घेऊन पार्किंगमध्ये बसावं असंही नाही. पण मी बसणार नसेन तर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला तरी बसता आलं पाहिजे. तो आज पंक्चर, ऑइल आणि डेंटिंगवर ढकलला गेलाय, कारण बाकीचं सगळं कुलपाआड आहे.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळू न देणं हाच ठपका. दंडाचं पुढे अपिलांच्या फेऱ्यांत जे व्हायचं ते झालं. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनांचं क्षेत्रही होतं. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल आलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पोर्टलवर माहिती शोधता येते, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ती दाखवून काही मागता येत नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मोटारमालकांच्या दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न २०१२ मध्ये थेट मतपत्रिकेवर आला आणि लोकांनी प्रचंड बहुमताने होय म्हटलं.

मागणी मोठी नाही. वाहनाचं सर्व्हिस मॅन्युअल मालकाला रास्त किमतीत मिळालं पाहिजे. असेंब्लीतला भाग वेगळा विकत मिळाला पाहिजे. एका पिनेसाठी अख्खा मीटर नको. बदललेल्या भागाची गाडीशी ओळख करून द्यायचं साधन मालकाला आणि त्याने निवडलेल्या मेकॅनिकला मिळालं पाहिजे, नोंदीसकट. आणि बिलावर काय बदललं याबरोबर काय बिघडलं होतं हेही लिहिलं गेलं पाहिजे. या शेवटच्या ओळीला सगळ्यात जास्त विरोध होईल, कारण ती लिहायची तर आत उघडून पाहावं लागेल.

त्या कंपनीत मी आता नाही. पण पंधरा ओळींचं काम पुन्हा येईल, नोकरी कुठलीही असो. त्या वेळी रिव्ह्यूमध्ये मी किमान एक प्रश्न लिहिणार आहे: हा भाग खराब आहे, की फक्त आपला नाही? माझ्या धंद्यातल्या ज्यांनी इथवर वाचलं, त्यांनीही तो लिहावा. उत्तर देताना समोरच्याला अडखळावं लागेल, काउंटरवरचा तो मुलगा अडखळला होता तसं.